पाच ग्रॅम कुठे लावायचे? टेनिस रॅकेटचं वजन आणि तोल घरच्या घरी जुळवताना

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात आमच्या ओळखीचे एक काका बसतात. माझ्या दोन रॅकेटी मी एकदा त्यांच्या काट्यावर ठेवून पाहिल्या. दोन्ही एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या. मॉडेल एक, रंग एक, फ्रेमवर दोघींच्याही '३०० ग्रॅम' छापलेलं, आणि गटिंग, म्हणजे जाळीच्या तारा ओवणंही, एकाच माणसाने एकाच रिळातून केलेलं. काट्यावर एक भरली ३१४ आणि दुसरी ३२१. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "सोन्यात एवढा फरक निघाला असता तर लोकांनी दुकान फोडलं असतं ना बाप्पा!"

दोन वर्षं मी समजत होतो की दुसऱ्या रॅकेटचा पायगुणच वाईट आहे. तिने सर्व्हिस नेटमध्ये जायची, फोरहँड उशिरा लागायचा. पायगुण वगैरे काही नव्हतं, सात ग्रॅम होते. आणि नंतर लक्षात आलं की सातातले बहुतेक ग्रॅम तिच्या डोक्याकडे होते. तेच मुठीत असते तर मला पत्ताही लागला नसता.

रॅकेटचा कारभार असा आहे. वजन किती, हा प्रश्न दुकानात विचारला जातो. वजन कुठे, हा कोपरा आणि खांदा विचारतात. हा दुसरा प्रश्न घरी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर आणि एका विणकामाच्या सुईवर कसा सोडवायचा ते खाली सांगतो. मी कोच नाही. रामनगरच्या कोर्टांवर सकाळी खेळणाऱ्या, वयाने पन्नाशीकडे झुकलेल्या मंडळींपैकी एक आहे. एक कोपर बिघडवून मग शिकलो, एवढीच माझी पात्रता.

आधी मोजा, मग चिकटवा

फ्रेमवर छापलेला आकडा गटिंग नसलेल्या नुसत्या फ्रेमचा असतो, आणि तोही चार-पाच ग्रॅम इकडे-तिकडे. गट, म्हणजे जाळीची तार, १५ ते १८ ग्रॅम भरतो, मुठीवर वरून गुंडाळायची ओव्हरग्रिप पाच-सहा, तारांत अडकवायचा रबरी डँपनर दोन-तीन. म्हणजे ३०० ची रॅकेट हातात येते तेव्हा ३२० च्या पुढे गेलेली असते. म्हणून मोजताना रॅकेट तुम्ही कोर्टवर नेता तशीच पूर्ण सजवून ठेवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरेसा आहे. काट्यावर उलटी वाटी ठेवायची, काटा शून्य करायचा आणि वाटीवर रॅकेट तोलून ठेवायची. वजन वाढवायला फ्रेमवर चिकटवायच्या शिशाच्या पट्ट्यांचे तुकडे मोजायला मात्र ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशातला छोटा काटा लागतो. तो नसेल तर ओळखीचा सराफ गाठा.

दुसरं माप तोलाचं, म्हणजे बॅलन्सचं. एक गोल पेन्सिल टेबलावर चिकटपट्टीने पक्की करा. तिच्यावर रॅकेट आडवी ठेवून पुढे-मागे सरकवत न्या. जिथे ती कोणत्याच बाजूला पडायला तयार होत नाही, तिथे खडूने खूण करा आणि मुठीच्या टोकापासून लोखंडी टेपने अंतर मोजा. कापडी टेप ताणला जातो, तो नको. नेहमीच्या २७ इंची रॅकेटचा मध्य ३४.३ सेंमीवर येतो. तोल त्याच्या अलीकडे, मुठीकडे आला तर रॅकेट हेड-लाइट, पलीकडे गेला तर हेड-हेवी. दुकानदार 'चार पॉइंट हेड-लाइट' म्हणतात तेव्हा एक पॉइंट म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिलिमीटर. म्हणजे ३३ सेंमीवर तोलणारी रॅकेट चार पॉइंट हेड-लाइट झाली. गटिंग केल्यावर तोल जवळजवळ एक सेंटिमीटर डोक्याकडे सरकतो, हेही लक्षात असू द्या. माहितीपत्रकातला ३२ आणि तुमचा ३३ यांत भांडण नाही.

तिसरं माप स्विंगवेट, आणि खरी गंमत इथेच आहे. हातोडी दांड्याला धरून फिरवा, मग उलटी करून लोखंडाकडून धरून फिरवा. वजन तेच, पण मनगट लगेच चुगली करतं. फिरवताना जाणवणारा हा जडपणा म्हणजे स्विंगवेट. तो मुठीच्या टोकापासून १० सेंमीवरच्या आसाभोवती मोजायची पद्धत आहे. त्याचं यंत्र महाग असतं, पण आईची विणकामाची सुई चालते.

रॅकेट टेबलावर अशी ठेवा की जाळी छताकडे बघेल. मुठीच्या टोकापासून बरोबर १० सेंमीवर सुई आडवी ठेवून दोन रबरबँडांनी घट्ट बांधा. सारख्या उंचीच्या दोन खुर्च्यांच्या पाठींवर सुईची टोकं टेकवा आणि रॅकेट डोकं खाली करून लोंबू द्या. आता डोकं वीतभर मागे घेऊन सोडा. जाळी पुढे-मागे झुलली पाहिजे, आडवी नाही. मोबाइलवर २० पूर्ण झोक्यांचा वेळ घ्या. जाऊन परत आला की एक. पंखा बंद ठेवायला विसरू नका. नागपुरात एप्रिलनंतर ही अट जाचक आहे, म्हणून हे काम मी भल्या पहाटे करतो.

गणित असं: २४.८५ गुणिले वजन (किलोत), गुणिले तोलाचं अंतर वजा १० (सेंमीत), गुणिले एका झोक्याच्या वेळेचा वर्ग. समजा रॅकेट ३१८ ग्रॅम, तोल ३३ वर, आणि २० झोक्यांना २६.५ सेकंद लागले. एक झोका १.३२५ सेकंदांचा, त्याचा वर्ग १.७५६. उत्तर येतं ३१९. मोजण्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर हाच आकडा ३३१ होतो, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या. गटिंग केलेल्या बहुतेक मोठ्यांच्या रॅकेटी २८० ते ३४० च्या दरम्यान पडतात. नेमका आकडा दोन-पाचाने चुकला तरी बिघडत नाही. आपल्या दोन रॅकेटींमधला फरक आणि बदलाच्या आधी-नंतरचा फरक कळला म्हणजे झालं.

तिन्ही आकडे वहीत तारखेसकट लिहा. हे न करता पट्टी चिकटवणारे पुष्कळ पाहिले. महिनाभराने त्यांना मूळ रॅकेट कशी होती तेच आठवत नाही.

एक ग्रॅम कुठे काय करतो

रॅकेट घड्याळ समजा. मूठ सहाकडे, टोक बारावर.

बाराला लावलेला एक ग्रॅम स्विंगवेट ३.४ ने वाढवतो. तीन आणि नऊ वाजताच्या जागी, म्हणजे जाळीच्या दोन्ही बगलांना, तोच ग्रॅम १.८ च्या आसपास वाढवतो. दहा आणि दोन वाजताच्या जागा दोघांच्या मधल्या, अडीचच्या थोड्या वर. गळ्याशी, जिथे फ्रेमचे दोन हात एकत्र येतात, तिथे अर्धा. आणि मुठीच्या तळाला एक दशांशही नाही. म्हणजे पाच ग्रॅम टोकाला लावले तर स्विंगवेट १७ ने चढतं आणि तोल अर्धा सेंटिमीटर डोक्याकडे पळतो. तेच पाच ग्रॅम बट कॅपमध्ये, म्हणजे मुठीच्या तळाच्या टोपणात, भरले तर काट्यावर दिसतात, झोक्यात दिसत नाहीत, आणि तोल अर्धा सेंटिमीटर मुठीकडे येतो. पाचच ग्रॅम, पण दोन वेगळ्या रॅकेटी.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. लावायच्या जागेचं मुठीच्या टोकापासूनचं अंतर घ्या, त्यातून १० वजा करा, वर्ग करा, ग्रॅमने गुणा आणि हजाराने भागा. ५३ सेंमीवरचा एक ग्रॅम म्हणजे ४३ चा वर्ग १८४९, भागिले हजार.

तीन-नऊच्या जागेचा आणखी एक गुण आहे, जो बाराच्या जागेला नाही. चेंडू मधोमध न लागता कडेला लागला की रॅकेट मुठीभोवती गरकन फिरते. बगलांना वजन असेल तर हे फिरणं कमी होतं. टोकाला कितीही शिसं लावा, या फिरण्यावर त्याचा उपयोग नाही.

तक्रार काय आहे, त्यावरून

माझी पुतणी चौदा वर्षांची. मागच्या हिवाळ्यात म्हणाली, "काका, मोठ्या पोट्ट्यांची सर्व्हिस परत मारताना रॅकेट हातात फिरून राहिली." हे दुखणं सरळ तीन-नऊचं. दोन्ही बगलांना दोन-दोन ग्रॅम लावले. ३१८ ग्रॅम आणि ३३ तोल असलेल्या रॅकेटवर हे चार ग्रॅम तोल ३३.२५ वर नेतात आणि स्विंगवेट सातेक अंकांनी वाढवतात. तिला डोकं जड वाटायला लागलं, म्हणून बट कॅपमध्ये अडीच ग्रॅम घातले, तोल पुन्हा ३३ वर आला. मुलांच्या बाबतीत इथेच थांबावं. वाढत्या वयातल्या खांद्यावर एका वेळी यापेक्षा जास्त प्रयोग मी करत नाही, आणि तेही तिच्या कोचला विचारून.

चेंडू सारखे सर्व्हिस बॉक्समध्येच आखूड पडत असतील, पण हात पुरेसा वेगाने फिरत असेल, तर बाराला एक ते दोन ग्रॅम. दहा-दोनला लावले तर खोलीही मिळते आणि थोडी स्थिरताही. मला हा मधला मार्ग आवडतो. बाराचं वजन सर्व्हिसला गोड वाटतं, पण नेटजवळ व्हॉली मारताना हात उशिरा पोचतो.

रॅकेट जड वाटते, उशिरा येते, अशी तक्रार असेल तर बहुतेक जण मुठीत वजन घालून तिला 'हेड-लाइट' करतात. हातात धरल्यावर ती हलकी भासते हे खरं, काहींना तेवढ्याने बरंही वाटतं. पण झोक्याचा जडपणा त्याने एका अंकानेही उतरत नाही. तो उतरवायचा तर डोक्याकडचं काढलं पाहिजे. टोकावर फ्रेम घासू नये म्हणून लावलेली जाड संरक्षक पट्टी काढा, डँपनर काढून बघा, जाड गटाऐवजी बारीक घ्या. एवढं करून चार-पाच ग्रॅम निघाले तर नशीब. रॅकेटमध्ये भर घालता येते, कापता येत नाही. म्हणून विकत घेताना हव्या त्या वजनाच्या दहा-पंधरा ग्रॅम आतलीच घ्यावी.

आता कोपर. यावर जरा थांबतो, कारण इथे लोक उलटं करतात आणि मीही केलं. माझं कोपर पहिल्यांदा ठणकलं तेव्हा एका दुकानदाराने सांगितलं, "हलकी घ्या साहेब, हात दुखणार नाही." मी २५५ ग्रॅमची, कडक फ्रेमची, हेड-हेवी रॅकेट घेतली. चार महिन्यांत दुधाची पिशवी डाव्या हाताने उचलायची वेळ आली. कारण साधं आहे. टेनिसचा चेंडू नियमाप्रमाणे ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो आणि जोरात येतो. समोर हलकी फ्रेम असली की ती मागे रेटली जाते, मग उरलेला धक्का मुठीतून कोपरात जातो. जड फ्रेम तो स्वतः खाते. मालवाहू ट्रकला आणि सायकलला एकच खड्डा कसा लागतो, तसंच.

पण दुखऱ्या कोपरासाठी पहिला उपाय शिसं नाही. क्रम असा ठेवा. आधी गट बघा. पॉलिएस्टरचा गट महिनोन्‌महिने तसाच असेल तर तो मेलेला आहे, काढून टाका. मऊ मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांचा गट, घाला आणि ताण चार पाउंडांनी उतरवा. ५४ वर खेळत असाल तर ५०. मग मुठीची जाडी बघा. रॅकेट धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहात यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट बसलं पाहिजे. हे सगळं करून मग वजनाकडे या, आणि सुरुवात मुठीपासून करा. सिंथेटिक ग्रिपऐवजी चामड्याची ग्रिप लावली की दहाएक ग्रॅम वाढतात, सगळे हाताच्या खाली, झोक्याला न जाणवणारे. चेंडू लागल्यावर हादरा मात्र कमी जाणवतो. त्यानंतरच बगलांना दोन-दोन ग्रॅम. डँपनरवर भरवसा ठेवू नका. तो गटाचा टणत्कार शांत करतो, कोपरापर्यंत जाणारा धक्का नाही. आणि दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणं राहिलं तर रॅकेट बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. हा लेख तेव्हा कामाचा नाही.

खांदा दुखत असेल तर गणित उलटं. तिथे स्विंगवेट कमी करायचं असतं. कोपर आणि खांदा दोन्ही दुखत असतील तर, काय सांगू, दुहेरी खेळा.

मोठ्या खेळाडूंच्या रॅकेटी बघून कोणी मोहात पडू नये. पीट सॅम्प्रस शिसं लावून जड केलेल्या रॅकेटने खेळायचा. रॉजर फेडररच्या नावाची विल्सन प्रो स्टाफ आरएफ ९७ गटिंगशिवायच ३४० ग्रॅमची आहे. आमच्यातल्या एकाने ती हौसेने घेतली होती. पहिल्या सेटमध्ये राजा, तिसऱ्या सेटमध्ये पाणक्या.

चिकटवायची रीत

शिशाची पट्टी खेळाच्या दुकानात किंवा ऑनलाइन 'लेड टेप' नावाने मिळते. पाव इंच रुंदीची घ्या. तिचे १० सेंमी म्हणजे साधारण एक ग्रॅम, पण पट्टीगणिक फरक पडतो, म्हणून कापून मोजाच. टंगस्टनची पट्टी महाग आहे, पण शिशासारखी विषारी नाही. घरात लहान मुलं असतील तर तीच घ्या. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा, आणि उघडी पट्टी कधी ठेवू नका. टायरवाल्यांकडे चाकाच्या बॅलन्सिंगची चिकट वजनं मिळतात ती मुठीच्या पोकळीत चालतील, फ्रेमवर नाही. फार जाड असतात.

पहिले काही दिवस पट्टी पक्की लावूच नका. तुकडे फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला ठेवून वरून विजेच्या कामाची काळी टेप गुंडाळा. जागा पक्की ठरली की काळी टेप काढा, फ्रेमची आतली बाजू, म्हणजे जाळीकडे तोंड असलेली, स्पिरिटने पुसा आणि कोरडी होऊ द्या. गटाच्या छिद्रांच्या ओळीच्या दोन्ही कडांना एक-एक तुकडा, दाबून. तीनला जेवढं तेवढंच नऊला, जागाही समोरासमोर. नखाने कडा घासून बसवा, बुडबुडा राहू देऊ नका.

मुठीचं वजन दोन ठिकाणी जातं. बट कॅपला छोटं झाकण असेल तर ते हलकेच उचका, शिसं कापसात गुंडाळून आत कोंबा आणि कापूस एवढा घट्ट भरा की रॅकेट कानाशी हलवली तर काही वाजणार नाही. झाकण नसेल तर मूळ ग्रिप खालून चार इंच उलगडा, लाकडी किंवा फोमच्या मुठीच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंवर पट्टी लावा आणि ग्रिप परत गुंडाळा. एकाच बाजूला लावली तर मुठीचा आकार बिघडतो, आणि तळहाताला ते दुसऱ्याच दिवशी कळतं.

एका वेळी एकच बदल, दोन ते चार ग्रॅमचा. गट आणि वजन एकाच आठवड्यात बदललं तर श्रेय कोणाचं आणि दोष कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

स्पर्धा खेळत असाल तर काळजी नको. वजन वाटून घेण्यासाठी फ्रेमवर लावलेल्या वस्तू आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत चालतात. पॉइंट चालू असताना वजनाची जागा बदलेल असं काही मात्र चालत नाही.

नागपूरचा उन्हाळा

हे बाहेरच्यांच्या लेखात सापडणार नाही. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी वर. त्या उष्णतेत पट्टीचा गोंद मऊ होतो आणि पट्टी घसरते. माझी एकदा नऊवरून घरंगळत आठावर आली होती, मी पंधरा दिवस बॅकहँडला शिव्या देत होतो. म्हणून पक्क्या पट्टीवर पातळ पारदर्शक टेपचं एक अस्तर द्या, आणि रॅकेट गाडीत ठेवू नका. गटाचा ताणही त्या उन्हात उतरतो. मग रॅकेट 'बदलली' असं वाटतं आणि माणूस वजनाशी खेळत बसतो. पावसाळ्यात दुसरी तऱ्हा. उन्हाळ्यात घाम निघतो तसा वाळतो, जुलैत तो ओव्हरग्रिपमध्ये मुरतो. भिजलेली ओव्हरग्रिप कोरडीपेक्षा जड असते. मोजमाप नेहमी कोरड्या ग्रिपवर करा.

निकाल पहिल्या दहा मिनिटांत लागत नाही. नवीन पट्टी लावली की पहिला अर्धा तास सगळ्यांनाच आपण सुधारल्याचा भास होतो. हे मी पुतणीच्या मदतीने तपासलं. दोन्ही रॅकेटी आधी सारख्या करून घेतल्या. मग तिने माझ्या नकळत एकीच्या बट कॅपमध्ये चार ग्रॅम घातले, दुसरी रिकामी ठेवली, दोन्हींवर सारखी ओव्हरग्रिप गुंडाळली. अर्ध्या तासाने मी ठामपणे रिकामी रॅकेट उचलून सांगितलं, "ही, हिच्यात वजन आहे. बघ कशी घट्ट लागून राहिली." ती एवढी हसली की शेजारच्या कोर्टवरचा खेळ थांबला. तेच चार ग्रॅम नंतर तिने बाराला लावले, ते मी दोन फटक्यांत ओळखले. मुठीतल्या वजनाबद्दल मी तेव्हापासून छातीठोकपणे बोलत नाही.

म्हणून परीक्षा दीड तासाच्या खेळानंतर घ्या. शेवटच्या वीस मिनिटांतल्या सर्व्हिस मोजा, दहापैकी किती आत पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना कोपर काय म्हणतं ते वहीत लिहा. असे तीन दिवस झाले की ठेवायचं की काढायचं ते ठरतं. आकडा उतरत असेल तर एक-एक ग्रॅम काढत या.

एक रॅकेट मनासारखी झाली की दुसरी तिच्याशी जुळवायची. आधी स्विंगवेट जुळवा, ते डोक्याकडे वजन लावून. मग तोल, तो मुठीत भर घालून. एकूण वजन दोन-तीन ग्रॅम वेगळं राहिलं तर राहू द्या. माझ्या ३१४ आणि ३२१ आता ३२३ आणि ३२४ झाल्या आहेत. डोळे मिटून कोणती उचलली ते मला सांगता येत नाही.

आणि गटिंगला रॅकेट देताना गटिंगवाल्याला सांगून ठेवा की आतल्या पट्ट्या काढायच्या नाहीत. माझ्या एका पट्टीला त्याने कचरा समजून स्वच्छ पुसून काढलं होतं, वर रॅकेट साफ केल्याचे पैसेही घेतले नाहीत.